एसेनला पहिल्यांदा जाताना: आधी खुर्ची, मग खरेदी

चाळीसगावच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. घरचे-मित्र मिळून चौघांचा अड्डा आहे, कॅटन, स्प्लेंडर, अझुल हे बोर्ड गेम खेळून झालेत. बहीण-मेहुणे जर्मनीत डॉर्टमुंडला असतात, ऑक्टोबरात तिकडे जायचं ठरतंय आणि शेजारच्या एसेन शहरात तेव्हाच ‘श्पील’ ही बोर्ड गेमची जत्रा भरते. तो विचारतो: “ताई, मला दोन दिवस मिळतील. एक दिवस एकटा, रविवारी नऊ वर्षांची भाची सोबत. इंग्रजी बोलताना अडखळतो, जर्मन तर शून्य. एवढ्या गर्दीत सुरुवात कुठून करायची, काय घ्यायचं आणि त्या लोकांत जाऊन बसायचं कसं?”

भाऊ, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातूनच निघतात. एसेनला माणसाचे पैसे संपायच्या आधी खुर्च्या संपतात. खेळ सगळीकडे मांडलेले असतात, विकायलाही असतात. पण मांडलेल्या टेबलाशी बसायला जागा मिळणं, कोणीतरी तो शिकवणं आणि दोन-चार फेऱ्या खेळायला मिळणं, हे तिथलं खरं दुर्मिळ धन. कुठल्या दिवशी जायचं, किती वाजता, बॅगेत काय, पायात काय, हे सगळं ‘खुर्ची मिळेल का’ या एका हिशेबानं ठरव. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघत फिरणारे हजारो असतात, पण ज्याला खरंच घ्यायचाय तो चालवून बघितल्याशिवाय किमतीचं बोलत नाही. तू त्या दुसऱ्या जातीचा हो.

जत्रा केवढी, याचा अंदाज आधी घे. १९८३ पासून ती चालू आहे. गुरुवार ते रविवार, चार दिवस, मेस्से एसेन या प्रदर्शन केंद्रात. २०२४ साली चार दिवसांत २,०४,००० लोक आले आणि स्टॉल नऊशेच्या वर होते. तुझं चाळीसगाव २०११ च्या जनगणनेत लाखाच्या आत होतं. नवे खेळ दरवर्षी हजाराच्या वर असतात. सकाळी १० ला आत शिरलास आणि ७ वाजेपर्यंत न जेवता पाऊण-पाऊण तासाचे खेळ खेळलास तरी बारा होतील, आणि तसं कुणाचंच होत नाही. चालणं, थांबणं, शिकणं धरून पाच-सहा खेळ झाले तर दिवस वसूल. हा आकडा मनात पक्का बसला की धावाधाव आपोआप कमी होते.

आता टेबलाची रीत. बहुतेक स्टॉलवर चार-सहा टेबलं असतात, प्रत्येकावर एक खेळ मांडलेला आणि शिकवणारी पोरं-पोरी एकाच रंगाच्या टी-शर्टात. ठळक नावाच्या खेळांना काही ठिकाणी वेळ बांधून देतात, पण बाकी सगळीकडे पद्धत साधी: खुर्ची रिकामी झाली की बसायचं. रिकामी कधी होणार हे ओळखणं ही कला आहे आणि ती तासाभरात येते. टेबलाच्या मागे उभा राहिलास तर लोकांच्या चेहऱ्याकडे बघू नकोस, पटाकडे बघ. पत्त्यांची गड्डी बोटभर उरली असेल, कोणी गुणांची वही ओढली असेल, नाणी मोजून ढीग लावणं सुरू झालं असेल, तर पाच मिनिटांत चार खुर्च्या सुटणार. उलट शिकवणारा अजून सोंगट्या वाटत असेल तर तिथे उभं राहण्यात अर्थ नाही, पुढे चल.

याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे तू एकटा आहेस. एकटेपणाचा धसका घेतलाय असं तुझ्या प्रश्नावरून दिसतं, पण एसेनमध्ये एकटा माणूस चौघांच्या घोळक्यापेक्षा तिप्पट खेळतो. चौघांचा खेळ आहे, तिघं बसलेत आणि शिकवणं सुरू व्हायचंय, अशी टेबलं दर हॉलमध्ये सापडतात. शिकवणारा स्वतःच नजर फिरवून चौथा शोधत असतो, कारण चौघांत खेळ खुलतो. त्या वेळी फक्त रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचा आणि विचारायचं, “इस्ट हिअर नोख फ्राय?” म्हणजे इथे जागा आहे का. हसून मान हलली की बसायचं. मग लगेच “इंग्लिश, बिटे,” म्हणजे इंग्रजीत, कृपया. एवढ्या दोन वाक्यांवर दिवस निघतो.

इंग्रजीचं ओझं घेऊ नकोस. समोर बसलेला पोलंडचा किंवा इटलीचा माणूस तुझ्याइतकंच अडखळतो. आणि खेळाचं इंग्रजी म्हणजे जेमतेम तीस शब्द: टर्न, राउंड, ड्रॉ, डिस्कार्ड, शफल, टाय, स्कोअर. ते तू चाळीसगावात रोज वापरतोस. लहान जर्मन प्रकाशकांच्या काही टेबलांवर मात्र फक्त जर्मन चालतं. तिथे भाचीला घेऊन रविवारी जा, त्याबद्दल पुढे सांगते.

मी स्वतः एका छोट्या प्रकाशकाच्या टेबलावर शिकवायला उभी राहिलेली आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून माणूस कसा दिसतो तेही सांगते. शिकवणाऱ्याला तोच डाव दिवसात पंधरा वेळा सांगायचा असतो, घसा बसलेला असतो. अशा वेळी जो तीन प्रश्न नेमके विचारतो तो देव वाटतो: खेळ संपतो कधी, गुण कशाचे, माझ्या पाळीत मी काय काय करू शकतो. बाकीचे बारकावे खेळता खेळता कळतात. जो नियमपुस्तिका हातात घेऊन मध्येच वाचायला लागतो किंवा ‘हा अमक्या खेळासारखाच आहे ना’ म्हणून स्वतःचं ज्ञान पाजळतो, तो टेबलाचा वेळ खातो. नवखा आहे हे सरळ सांगावं. नवख्याला लोक जास्त जपून शिकवतात.

अर्धा डाव खेळून उठणं तिथे चालतं, हे तुला मुद्दाम सांगायला हवं. आपल्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लिंबाखाली पत्त्यांचा डाव बसला आणि कोणी मधून उठला, तर पुढच्या अखाजीपर्यंत त्याला ऐकवतात. एसेनला उलटं. दोन तासांचा खेळ असेल तर शिकवणाराच म्हणतो, दोन फेऱ्या खेळा, अंदाज येईल. फेरी पूर्ण होईपर्यंत थांबायचं, टेबलावरच्या बाकीच्यांना सांगायचं, आपल्या सोंगट्या गोळा करून द्यायच्या, ‘दांके’ म्हणजे धन्यवाद म्हणायचं आणि उठायचं. मागे कोणीतरी खुर्चीसाठी उभं असतंच, तो तुझे आभार मानेल. अखाजीची आणखी एक सवय घरी ठेवून जा: पत्ता आपटणं. हुकमाचा एक्का टाकताना जोर लावला की आपल्याला बरं वाटतं, पण तिथे तो पत्ता चार दिवस हजार हातांखालून जाणार असतो. पत्ता कडेनं धरायचा, ठेवायचा, आणि कट्ट्यावर करतो तसा गड्डी वाकवून फर्रकन पिसायचा नाही. शिकवणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो.

दिवस कुठला? रविवार भाचीसाठी ठरलाच आहे, तर दुसरा गुरुवार घे. माल सगळा असतो आणि शिकवणारी पोरं ताजी असतात. शनिवार टाळच, त्या दिवशी मधल्या वाटांवरून माणूस चालत नाही, ढकलला जातो. गुरुवारच्या बाबतीत एक कॅलेंडर बघून घे: ३ ऑक्टोबरला जर्मनीत एकीकरण दिनाची सुट्टी असते. २०२४ साली पहिला गुरुवार नेमका ३ तारखेला आला आणि पहिल्याच दिवशी सुट्टीची गर्दी. २०२५ साली जत्रा २३ ते २६ ऑक्टोबरला होती, म्हणजे गुरुवारी आपली भाऊबीज. बहिणीकडे जायला याहून चांगलं निमित्त कुठलं! तिकीट मात्र घरूनच ऑनलाइन काढ. अलीकडे तिकिटं आधी संपतात, दारात मिळेल या भरवशावर जाऊ नकोस.

सकाळचा पहिला तास फार मोलाचा, आणि तो बहुतेक लोक रांगेत घालवतात. दार उघडलं की गर्दीचा लोंढा ज्या पाच-दहा खेळांचा वर्षभर गाजावाजा झाला त्यांच्या स्टॉलकडे धावतो, कारण प्रती संपतील अशी धास्ती. त्या तासात कोपऱ्यातल्या छोट्या प्रकाशकांची टेबलं मोकळी असतात, आणि कित्येकदा खेळ बनवणारा स्वतः शिकवायला उभा असतो. गाजलेला खेळ वर्षभरात कुठेही मिळतो. हा माणूस आणि हा खेळ पुन्हा भेटेल याची खात्री नाही. मोठ्या स्टॉलवर दुपारी जेवणाच्या वेळी किंवा संध्याकाळी ५ नंतर जा, तेव्हा थकलेले लोक पिशव्या घेऊन परतीला लागलेले असतात.

खेळ बनवणाऱ्यांतली मोठी नावंही दिसतील, आणि ती स्टॉलच्या मागे लपलेली नसतात. फ्रीडेमान फ्रीझंचे हिरवे केस लांबूनच ओळखू येतात. ‘अ‍ॅग्रिकोला’ करणारे उवं रोझेनबेर्ग सह्या देताना दिसू शकतात. सही हवी असेल तर खोक्यावर घ्यावी, पण रांग तासाभराची दिसली तर सोडून द्यावी. तेवढ्यात एक खेळ होतो.

तयारीचं म्हणशील तर ती आठवडाभर आधी कर. बोर्डगेमगीक या संकेतस्थळावर दरवर्षी एसेनच्या नव्या खेळांची मोठी यादी येते. ती शेकड्यांनी असते, वाचत बसलास तर चक्कर येईल. त्यात गाळण्या आहेत, त्या लाव: चौघांत खेळता येणारे, दीड तासाच्या आतले. मग दहा निवड, आणि त्यातल्या तीनवर खूण कर. हॉलवार कागदावर उतरव, कारण इतके हॉल आणि मधला पॅसेज यांत मागे-पुढे केलंस तर दिवसाचे दोन तास पायांत जातात. मोबाइलवरचा नकाशा चांगला आहे, पण आत नेटवर्क अडकतं. कागद अडकत नाही. उरलेले सात खेळ नाही झाले तर नाही झाले. वाटेत दिसलेली रिकामी खुर्ची यादीतल्या नावापेक्षा मोठी.

तिथे लोकांच्या मतांवरून बनलेल्या गुणवत्ता याद्याही लागतात. ‘फेअरप्ले’ या जर्मन नियतकालिकाची यादी जुनी आणि नावाजलेली आहे. बघ, पण तिच्यामागे धावू नकोस. यादीत नाव वर गेलं की अर्ध्या तासात त्या टेबलापाशी तीन रांगा.

प्रत्येक खेळानंतर दोन मिनिटं वहीत लिहायचं. खोक्याचा फोटो, किती जणांत खेळलो, किती वेळ लागला, कंटाळा कधी आला. संध्याकाळपर्यंत सगळे खेळ डोक्यात एकमेकांत मिसळतात आणि ‘तो लाकडी मेंढ्यांचा’ म्हणजे कुठला हे आठवत नाही. लाकडी मेंढ्या जर्मन खेळांत फार असतात.

आता खरेदी. खेळल्याशिवाय घ्यायचं नाही, एवढा एकच नियम मी पाळते. खोक्यावरचं चित्र, यूट्यूबवरची स्तुती, यांतून एक गोष्ट कळत नाही: आपल्या टेबलावर हा खेळ कसा वागेल. आणि आपलं टेबल म्हणजे खानदेशातलं टेबल. मे महिन्यात दुपारी चार वाजता पंखा पाचवर असताना कागदी नोटांचा खेळ मांडून बघ. दोन पाळ्यांत बँक सोफ्याखाली. पातळ कागदाचे तुकडे, हलकी टोकनं, पत्ते उभे ठेवायचे लाकडी स्टँड, हे आपल्याकडे निम्मं वर्ष निरुपयोगी. जाड पुठ्ठा, लाकूड, अझुलसारख्या वजनदार फरश्या, हे टिकतं. दुसरं, कूलर. कूलरच्या दमट हवेत पत्ते पंधरा दिवसांत कमानीसारखे वाकतात. म्हणून पत्त्यांचा खेळ घेतलास तर त्याच मापाची प्लॅस्टिकची पाकिटं, स्लीव्ह्ज, तिथेच घेऊन टाक. मापं मिलिमीटरमध्ये असतात आणि डझनभर प्रकारची असतात. स्टॉलवर पत्ता दाखवला की ते बरोबर काढून देतात.

भाषेचं बघून घे. पुष्कळ खेळांत फक्त चिन्हं असतात, तिथे जर्मन प्रत घेतलीस तरी बिघडत नाही, इंग्रजी नियम प्रकाशकाच्या साइटवर मिळतात. पण पत्त्यांवर दोन-दोन ओळी जर्मन मजकूर असेल तर स्वस्त म्हणून घेऊ नकोस. चाळीसगावात बसून चाळीस पत्त्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं एका संध्याकाळचं काम वाटतं, तसं नसतं. खोक्याच्या मागची भाषांची चिन्हं बघ, आणि खात्रीसाठी स्टॉलवाल्याला एक पत्ता दाखवायला सांग.

जे भारतात मिळतं ते तिथून वाहून आणायचं नाही. कॅटन, टिकट टू राइड, अझुल हे आता इथे सहज येतात. छोटे पत्त्यांचे खेळ दहा-वीस युरोंत, मधले तीस-पन्नासला, मोठे खोके साठाच्या पुढे कितीही. हिशेबाला युरो शंभर रुपये धर, म्हणजे मन थाऱ्यावर राहतं. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण छोट्या स्टॉलवर आणि जुन्या खेळांच्या ढिगांवर रोख रक्कम बरी. हे ढीग चुकवू नकोस. मागच्या वर्षांचे खेळ तिथे पाच-दहा-पंधरा युरोंना लावलेले असतात. रविवारी दुपारनंतर तर मोठे प्रकाशकही भाव उतरवतात, कारण उरलेला माल परत न्यायला गाडीभाडं पडतं. नव्या मालाच्या स्टॉलवर आठवडी बाजारासारखी घासाघीस करायची नसते. ढिगापाशी, रविवारी, दोन-तीन खोके एकत्र उचलून “तिन्ही मिळून किती?” एवढं विचारायला हरकत नाही.

एका पावतीवर पन्नास युरोंहून जास्त खरेदी झाली तर तू युरोपीय संघाबाहेर राहणारा म्हणून व्हॅट परत मिळण्याची सोय आहे. पण त्यासाठी दुकानदारानं तो कागद द्यावा लागतो आणि परतताना विमानतळावर कस्टमचा शिक्का घ्यावा लागतो. जत्रेतले सगळे स्टॉल हे करत नाहीत. आधी विचार, मिळालं तर उत्तम.

सामानाचं गणित घरून करून जा. युरोपातला ठरलेला मोठा खोका तीस सेंटिमीटर चौरस, सात सेंटिमीटर उंच, आणि आत निम्मी हवा. वजन दीड-दोन किलो. तेवीस किलोच्या बॅगेत कपडे धरून असे सात-आठ बसले तर नशीब. म्हणून बहिणीकडे आल्यावर रात्री एक काम कर: खोका उघड, पुठ्ठ्याच्या चौकटीतून टोकनं सोडवून घे, रिकाम्या चौकटी टाकून दे, मधला प्लॅस्टिकचा साचा काढ, सगळं झिपच्या पिशव्यांत भर आणि जी पोकळी झाली तिच्यात छोटा खेळ कोंब. दोन मोठ्या खोक्यांत पाच छोटे सहज जातात. खोक्याचे कोपरे मोजे घालून जप, तिथेच दणका बसतो. एकाच खेळाच्या चार प्रती मात्र आणू नकोस, मुंबईत कस्टमवाला विक्रीचा माल समजून प्रश्न विचारेल आणि ते त्याचं कामच आहे. सवलतीची रक्कम निघण्यापूर्वी कस्टमच्या साइटवर बघून घे.

खाणं. हॉलमध्ये मिळतं ते महाग आणि त्यात सॉसेज-फ्राइजच जास्त. शाकाहारी असशील तर ब्रेड आणि बटाट्यावर दिवस काढावा लागतो. बहिणीकडून डबा न्यावा, दशम्या किंवा मेथीचे पराठे, सुकी भाजी. शेव नको. तेलकट बोटं घेऊन टेबलाशी बसलास तर मला इथे जळगावात बसून लाज वाटेल. घरून नेताना एक लक्षात ठेव: युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातूनसुद्धा नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, खव्याचे पदार्थ, तूप बाद. फळांनाही बहुतेक वेळा रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. पण ज्या पाच फळांना त्यातून सूट आहे त्यांत अननस, नारळ, खजूर, ड्युरियन आणि चक्क केळी आहेत! जळगावकरांवर युरोपनं केलेले उपकारच म्हणायचे. न्यायची गरज नाही, केळी तिथल्या दुकानात मिळतातच. आपले केळीचे वेफर्स मात्र ने, मेहुण्यांसाठी. पाण्याची बाटली सोबत ठेव. आणि रविवारी जर्मनीत किराण्याची दुकानं बंद असतात, तेव्हा त्या दिवसाचं शनिवारीच आणून ठेवायला बहिणीला सांग.

पोचायचं कसं ते सोपं आहे. डॉर्टमुंडहून एसेनच्या मुख्य स्टेशनला लोकल धाटणीची गाडी साधारण अर्ध्या तासात आणते. तिथून यू-११ ही भुयारी ट्राम थेट मेस्सेपाशी. सकाळी ती आपल्या भुसावळ-मुंबई जनरल डब्यासारखी भरते, फक्त आवाज कमी. नऊ वाजता दारात असशील अशा बेतानं निघ. बाहेर दहा-बारा अंश थंडी आणि आत हॉलमध्ये घाम, तेव्हा जाड जॅकेट एकच आणि आत सुती शर्ट. जॅकेट ठेवायला पैसे देऊन सोय असते. ती वापर, कारण हातात जॅकेट आणि पिशव्या धरलेल्या माणसाला खुर्ची सुटली तरी बसायला उशीर होतो. बूट जुने, पायाला सरावलेले. हातानं सारखे इतरांचे पत्ते धरायचे आहेत, तर जेवणाआधी हात धुणं चुकवू नकोस. जत्रेहून निम्मे लोक सर्दी घेऊन परततात.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तिकडे घड्याळ एक तास मागे घेतात. २०२५ साली जत्रेचा शेवटचा दिवस नेमका तोच होता. तुझ्या वर्षी जुळलं तर एक तास जास्त झोप मिळेल, पण चाळीसगावला फोन करताना फरक साडेतीनचा साडेचार तास होतो हे ध्यानात ठेव.

आता भाची. डॉर्टमुंडला शाळेत जाणारी नऊ वर्षांची मुलगी म्हणजे तुझी दुभाषी. तिला तसं आधी सांग, ती ऐटीत येईल. पहिला तास तिच्या खेळांना दे. हाबा या कंपनीचे पिवळे खोके तुला लांबूनच दिसतील, मुलांच्या खेळांत त्यांचं नाव जुनं आहे. निवड करताना खोक्यावरचं पुरस्काराचं चिन्ह कामाला येतं: लाल सोंगटी म्हणजे १९७९ पासून दिला जाणारा ‘श्पील देस यारेस’, घरच्या सगळ्यांसाठी. निळी म्हणजे मुलांसाठीचा पुरस्कार. काळपट करडी म्हणजे जरा मुरलेल्यांसाठी. तुमचं कॅटन १९९५ चं आणि अझुल २०१८ चं लाल सोंगटीवालं. हे पुरस्कार उन्हाळ्यातच जाहीर झालेले असतात, त्यामुळे ते खेळ रविवारपर्यंत शिल्लक असतात आणि शिकवणारे तरबेज झालेले असतात. दुपारनंतर तुझ्या यादीतलं एखादं फक्त-जर्मन टेबल गाठ. नियम तिला ऐकू दे, ती तुला सांगेल. तिच्या मनगटावर बहिणीचा फोन नंबर पेनानं लिही आणि हॉलचं एक दार ‘हरवलो तर इथे’ म्हणून ठरव. तीन तासांत मूल दमतं. त्याहून जास्त ओढू नकोस.

अमेरिकेतल्या जेन कॉन या खेळांच्या जत्रेबद्दल कोणी सांगितलं असेल तर त्याचा सल्ला एसेनला लावू नकोस. ते १९६८ साली लेक जिनिव्हा गावी सुरू झालं, २००३ पासून इंडियानापोलिसला भरतं, आणि तिथली रीत वेगळी: बहुतेक डावांची वेळ ठरलेली, तिकीट वेगळं, नावनोंदणी महिनोन्‌महिने आधी. एसेनला तसं वेळापत्रक बांधून जायचं नसतं.

व्हिसाचं काम लवकर काढ. जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्यात भेटीच्या तारखा मिळणं अवघड जातं, म्हणून ऑक्टोबरसाठी मे-जूनमध्येच हालचाल कर. २०२४ च्या जूनपासून मोठ्यांसाठी फी ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास-विमा लागतो. कारण म्हणून बहिणीकडे भेट असंच लिही, तेच खरं आहे. बहिणीचं निमंत्रणपत्र जोड, आणि जत्रेचं तिकीट हाती आलं असेल तर तेही.

राहिला एक मुद्दा, मधल्या दोन दिवसांचा. शुक्रवार-शनिवार बहिणीच्या घरी गुरुवारी घेतलेले खेळ मेहुण्यांसोबत मांड. नियम पुन्हा वाचताना जिथे अडशील ते वहीत लिहून ठेव. रविवारी जत्रेत तोच शिकवणारा त्याच टेबलापाशी असतो, त्याला विचारून मोकळा हो.